हातपंपापाशी उभे भाऊराव

पिंपळटोला, ता. सौंसर
१८ ऑगस्ट २०२५

प्रज्ञा,

जय भीम. फोन करत नाही, पत्र लिहिते आहे. फोन केला की तू "आत्या, मीटिंगमध्ये आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्र असं ठेवता येत नाही. बत्तीस वर्षं पोरांना मराठी शिकवलं, तेव्हा एवढं तर मला लिहिता येतं.

आपला ओटा पाडला. तुझ्या बाबांचा ओटा. मी सौंसरला बँकेत गेले होते. परत आले तर दारासमोर जेसीबी उभा आणि ओट्याच्या जागी दगडांचा ढीग. पंचायतीच्या सचिवाला विचारलं, "हे कोणाच्या हुकमानं?" त्यानं कागद दाखवला. गल्लीचा रस्ता वीस फूट पाहिजे, मोजला तर अठरा भरला, म्हणून ओटा अतिक्रमण. आणि अतिक्रमण करणाऱ्याचं नाव काय लिहिलं आहे? भाऊराव. दोन हिवाळे झाले माझ्या दादाला जाऊन, त्याच्या नावावर ठपका! जिवंतपणी ज्यानं कोणाची वीतभर जागा घेतली नाही, त्याला मेल्यावर चोर ठरवून राहिले आहेत.

तू शहरात वाढलीस, म्हणून सांगते. तुझे आजोबा गावात कोणाकडे कामाला गेले की ओट्याखाली उभे राहायचे. वर बसायची सोय नव्हती. ऊन असो, पाऊस असो, चपला हातात घेऊन खाली उभं. दादानं वीज मंडळात नोकरी लागल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर हा ओटा बांधला. स्वतः दगड रचले. म्हणाला होता, "चंद्रकला, या ओट्यावर कोणीबी येऊन बसन. कोणाले खाली उभं ठेवाचं नाई." आणि बसत होते सारे. भैय्याजीचा बापसुद्धा पेपर वाचायला येऊन बसायचा.

आता भैय्याजीचं ऐक. आपल्यासमोर त्याची संत्र्याची वखार आहे, तुला आठवत असेल. मागच्या वर्षी पावसात त्याची जुनी भिंत पडली, त्यानं नवी बांधली. ती नवी भिंत पुढे सरकली आहे, हे मी शपथेवर सांगते. पटवाऱ्यानं टेप लावला तो त्याच नव्या भिंतीपासून. मी बोलले तर भैय्याजी हसून म्हणतो, "मास्तरीणबाई, भिंत जिथं होती तिथंच हाय. भिंत नाई हालली, तुमची नजर हालून राह्यली." आणि गल्लीतला एक माणूस तोंड उघडत नाही, कारण सगळ्यांची संत्री त्याच्याच गाडीत बसून नागपूरला जातात.

मी तहसीलला अर्ज दिला आहे. नोव्हेंबरात पेशी आहे, तिथं सुनावणी होईल. पुरावा काय, तर काही नाही. पण दादा असतानाच्या शेवटच्या भीमजयंतीला सौंसरच्या कुणालनं मिरवणुकीची शूटिंग केली होती, कॅमेरा घेऊन अख्ख्या गल्लीतून चालत. त्यात ओटा आहे, जुनी भिंत आहे. तुमची कंपनी म्हणे व्हिडिओवरून पूल आणि इमारती जशाच्या तशा उभ्या करते. मग एक ओटा उभा कर.

तुझी आत्या
चंद्रकला


पुणे
२७ ऑगस्ट २०२५

आत्या,

जय भीम. पत्र वाचून इतका संताप आला की कँटीनमध्ये ताट तसंच ठेवून उठले. मेलेल्या माणसाच्या नावावर अतिक्रमण! मीटिंगचं म्हणशील तर कान पकडते.

तू म्हणतेस ते काम मी करू शकते. कसं ते सांगते, म्हणजे पेशीत तुला कोणी गप्प करू शकणार नाही. पांढुर्ण्याहून सौंसरला बसनं येताना खिडकीत बसलीस की रस्त्याकडेची संत्र्याची झाडं भर्रकन मागे जातात आणि लांबचा डोंगर जागचा हलत नाही. जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. कुणाल कॅमेरा घेऊन चालला, तेव्हा भिंतीचा प्रत्येक दगड आणि ओट्याचा प्रत्येक कोपरा चित्रात थोडा थोडा सरकला. कोण किती सरकलं ते कॉम्प्युटर हजारो ठिकाणी पाहतो आणि त्यावरून काढतो की कॅमेरा कुठून कुठे गेला आणि कोणती वस्तू कुठे होती. मग गल्ली सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येते. एका जागी उभं राहून नुसती मान फिरवून काढलेल्या शूटिंगचा उपयोग नसतो. कुणाल चालला हे आपलं नशीब.

पण एक अडचण आहे. या रीतीनं गल्लीचा आकार कळतो, माप कळत नाही. खेळण्यातली गल्ली आणि खरी गल्ली कॅमेऱ्याला सारखीच दिसते. म्हणून व्हिडिओत असलेल्या आणि तेव्हापासून न बदललेल्या एका तरी वस्तूचं खरं माप मला पाहिजे. दोन-तीन मिळाली तर फारच चांगलं. आणि व्हिडिओ मोबाइलवरून आलेला नको, त्यात बारकावे उडून जातात. कुणालकडची मूळ फाइल पेनड्राइव्हवर घेऊन पाठव.

तुझी
प्रज्ञा


पिंपळटोला
९ सप्टेंबर २०२५

प्रज्ञा,

पेनड्राइव्ह सोबत आहे. रुमालात गुंडाळून मग पाकिटात घातला. उशीर माझ्यामुळे नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कुणाल सावरगावला गोटमार, ती दगडफेकीची जत्रा, शूट करायला गेला, तिथं कॅमेऱ्याच्या काचेवर गोटा बसला आणि पुढे पंधरा दिवस तो दुकान बंद करून नागपुरात दुरुस्तीच्या मागे. मी तीन खेपा मारल्या. शेवटी म्हटलं, "बापू, तुही काच फुटली, आमचा तं ओटा फुटला." मग बिचाऱ्यानं पैसे न घेता फाइल दिली.

मापाचं म्हणशील तर विजेचा खांब बदलला, विहाराचं दार काढून शटर लावलं. राहिला हातपंप. तो मी शिकवायला लागले त्या आधीपासून तिथंच आहे. स्वतः टेप लावून मोजला, खालपासून डोक्यापर्यंत बरोबर चार फूट. एकच माप आहे, पण माझं आहे. पोरांच्या पट्ट्या तपासण्यात जन्म गेला.

दादाला व्हिडिओत मी बघितलं नाही. कुणाल लावून देत होता, मीच नको म्हटलं.

आत्या


पुणे
२ ऑक्टोबर २०२५

आत्या,

हे पत्र आधी शेवटपर्यंत वाच.

गल्ली उभी झाली. छान उभी झाली. छापून चार चित्रं पाठवते आहे, वरून, समोरून आणि दोन्ही टोकांकडून. ओट्याचा दगड न् दगड दिसतो. तुझ्या हातपंपाच्या मापानं मी सगळं मोजलं, पुन्हा पुन्हा मोजलं. जुन्या भिंतीपासून ओट्यापर्यंतचं अंतर अठरा फूट येतं आहे. पटवाऱ्यानं आज मोजलं तेवढंच.

म्हणजे भिंत जुन्या जागीच आहे, आत्या. भैय्याजी खरं बोलला आहे आणि ओटा दोन फूट रस्त्यात होता. बाबांनी मुद्दाम केलं नसणार, तेव्हा कोण मोजत होतं? पण पेशीत हे चित्र ठेवलंस तर ते आपल्याच विरुद्ध जाईल. अर्ज मागे घे. मला माहीत आहे तुला राग येईल. मी जे मोजलं तेच लिहिते, त्यात माझं-तुझं करता येत नाही.

दर फोनवर घरी ये म्हणतेस. येऊन काय करू? बाबा गेल्यावर आले होते तेव्हा रिकाम्या ओट्याकडे बघवलं नव्हतं. आता तर तोही नाही. बसू कुठे?

प्रज्ञा


पिंपळटोला
७ ऑक्टोबर २०२५

प्रज्ञा,

शाबास! भैय्याजीनं वकील लावायचं कारणच उरलं नाही. घरचीच पोरगी मिळाली फुकट.

अर्ज मागे घे म्हणे. मी त्या गल्लीत राहते, तू कॉम्प्युटरात राहतेस. जुनी भिंत आणि ओटा यांमधून दोन बैलगाड्या एकमेकींना न घासता जायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आज भैय्याजीची एक गाडी उभी राहिली की माझी बकरी निघत नाही. अठराचे अठरा कसे राहतील? पण तुला आत्याचे डोळे खोटे आणि मशीन खरं.

आणि तुझ्या मशीनचा खरेपणा सांगू? चारही चित्रं भिंग लावून पाहिली. जयंतीची मिरवणूक होती, अख्खा टोला रस्त्यावर होता, निळे झेंडे होते, लेझीम होतं. तुझ्या चित्रात एक माणूस नाही! भुताची गल्ली आहे ती. दगड सारे ठेवले, माणसं सारी पुसली. हेच तर होत आलं ना आपलं? रस्ता दिसतो, भिंत दिसते, आम्ही तेवढे दिसत नाही. माझा भाऊ कुठे आहे त्यात? त्या दिवशी तो होता. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, चालवत नव्हतं, तरी पांढरा सदरा घालून हातपंपाला टेकून उभा होता. पूर्ण मिरवणूक जाईपर्यंत हलला नाही. मी म्हटलं, "दादा, बस ना ओट्यावर." तर म्हणे, "आज बाबासाहेबाची मिरवणूक चालली. आज उभा राह्यतो."

त्या माणसाला तुझ्या मशीननं उडवलं, आणि तू मला सांगते आहेस की तू जे आहे तेच मोजतेस.

चंद्रकला


पुणे
१४ ऑक्टोबर २०२५

आत्या,

तू रागानं खाली "आत्या" लिहिलं नाहीस, ते पाहिलं मी.

माणसं का नाहीत ते आधी सांगते. जे जागेवर आहे तेच मशीनला जुळवता येतं. चालणारा माणूस या चित्रात इथे, पुढच्या चित्रात तिथे, मग मशीन त्याला चूक समजून टाकून देतं. ती रीत आहे. कोणाची जात बघून ते पुसत नाही. पण तुझं पत्र वाचून मी दिवसभर कामात लक्ष घालू शकले नाही, हेही खरं.

आणि मग तुझं ते वाक्य डोक्यात अडकलं. हलला नाही. जो हलला नाही तो तर राहायला पाहिजे होता!

मी मूळ काम पुन्हा उघडलं. हातपंपाला एक पांढरट ढेकूळ चिकटलेलं होतं. तुला चित्रं पाठवण्याआधी गल्ली साफ करताना मी ते कचरा समजून कापलं होतं. आत्या, मी माझ्या बापाला कचरा समजून कापलं. सगळ्या व्हिडिओत मी भिंत बघत होते, ओटा बघत होते, बाबांना बघणं टाळत होते. तू टाळलंस तसंच. ते परत जागेवर ठेवलं. चित्र सोबत आहे. चेहरा नीट नाही, पण खांदे त्यांचेच आहेत आणि एक हात पंपाच्या डोक्यावर आहे.

आता खरी गोष्ट. मी त्यांना मोजलं. पायापासून डोक्यापर्यंत पाच फूट, फार तर अर्धा इंच वर.

पाच फूट! माझे बाबा पाच फुटांचे नव्हते. विहाराच्या जुन्या दारातून वाकून जायचे ते. माझा बाप बुटका दाखवणारं माप खरं असूच शकत नाही, मग ते अठरा तरी खरं कशावरून? पटवाऱ्याच्या आकड्याशी जुळलं म्हणून मी डोळे मिटून विश्वास ठेवला.

आपल्या माजघराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला माझ्या उंचीची रेघ मारायचे आणि सगळ्यात वर त्यांची स्वतःची होती, मला चिडवायला. ती रेघ मोज. आणि मग हातपंप पुन्हा मोज. दोहोंपैकी एक खोटं बोलतं आहे.

तुझीच
प्रज्ञा


पिंपळटोला
२१ ऑक्टोबर २०२५

प्रज्ञा बाळा,

चित्र मिळालं. खांदे दादाचेच आहेत.

दादा आणि पाच फूट? वाचून मी एकटीच घरात ओरडले. रेघ मोजली. पाच फूट आठ इंच. पुन्हा मोजली, तेवढीच. मग टेप घेऊन तावातावानं हातपंपाशी गेले. चार फूट! जसाच्या तसा चार फूट. मी टेपवरच चिडले.

तिथं प्रेमलता पाणी भरत होती. माझ्याच वर्गात होती ती. घागर तिरपी करून नळाखाली धरली होती आणि पंपाच्या नावानं बोटं मोडत होती. मला म्हणते, "बाई, पह्यले घागर सरळ बसे या नळाखाली. आता बसूनच नाई राह्यली. पंपच खचला वाट्टे."

मी वाकून पंपाचा तळ बघितला. रस्ता झाल्यापासून ही तक्रार आम्ही सगळ्या करत आहोत. मी स्वतः पंचायतीत अर्ज दिला होता, पंप खचला, वर उचला म्हणून. बत्तीस वर्षं शिकवलेली मी! लोखंडाचा पंप कुठे खचतो? पंप खाली गेला नाही बाई, रस्ता वर आला आहे. या उन्हाळ्यात जुना रस्ता न उकरता त्याच्यावरच सिमेंट ओतलं. आपल्याकडे असंच करतात, दर वेळी रस्ता चढतो आणि घरं बुडतात. पंपाचा तळ त्यात गाडला गेला.

घरून सब्बल, लोखंडी पहार, आणली आणि पंपाच्या कडेचं सिमेंट फोडलं. सचिव धावत आला, "मॅडम, सरकारी रस्ता फोडून राह्यले तुम्ही!" मी म्हटलं, "लिहून ठेव. भाऊरावाच्या नावावर लिहू नको पण, माझ्या लिही." खाली पंपाचा जुना चौथरा लागला. तिथून मोजलं. साडेचार फूट. सिमेंट अर्धा फूट जाड आहे.

दादानं हात ठेवला होता तो साडेचार फुटांचा पंप होता. आता गणित कर.

आत्या


पुणे
२७ ऑक्टोबर २०२५

आत्या,

केलं. साडेचार घातल्याबरोबर बाबा पाच फूट आठ इंच झाले, तुझ्या चौकटीवरच्या रेघेएवढे. आणि जुनी भिंत ते ओटा हे अंतर वीस फूट तीन इंच आलं.

ओटा रस्त्यात नव्हताच. भैय्याजीची भिंत सव्वादोन फूट पुढे आली आहे, आणि पटवाऱ्याला ते कमी पडलेले फूट आपल्या दारात सापडले. लाज वाटली पाहिजे त्यांना. मलाही वाटते आहे. तुला मी अर्ज मागे घ्यायला सांगत होते.

आता हे नीट ऐक. चित्र दाखवलं तर ते म्हणतील कॉम्प्युटरवर काय वाटेल ते काढता येतं. म्हणून तू चित्रावर विश्वास ठेवा म्हणू नकोस. खोदा म्हण. पडलेल्या भिंतीचा पाया कोणी सहसा उपसत नाही. माझं माप खरं असेल तर जुना पाया नव्या भिंतीच्या आत, वखारीच्या अंगणात, सव्वादोन फुटांवर सापडेल. नाही सापडला तर मी खोटी. नव्या मापाचा कागद सोबत आहे, त्यावर जागा खूण करून दिली आहे.

प्रज्ञा


पिंपळटोला
२३ नोव्हेंबर २०२५

प्रज्ञा,

पेशी झाली. बसून सगळं सांगते.

तहसीलदार मॅडम नव्या आहेत, तरुण आहेत. भैय्याजीच्या वकिलानं तुझं चित्र हातात घेऊन हवेत हलवलं, "मॅडम, ये तो कार्टून है. इसमें आदमी तक नहीं हैं." मी उभी राहिले. म्हटलं, "आदमी है. एक आहे. हातपंपापाशी बघा." मॅडमनी चित्र मागून घेतलं. "ये कौन हैं?" विचारलं. मी म्हटलं, "ज्याले तुमच्या कागदात अतिक्रमणवाला लिहिलं, तो. माझा भाऊ. सारे चालत होते म्हणून पुसल्या गेले, हा उभा होता म्हणून राह्यला." मग हातपंप, घागर, सिमेंट, चौकटीवरची रेघ, सगळं सांगितलं. आवाज चढला होता माझा. चढू दे म्हटलं. वकील मध्ये बोलायला लागला तर मी वर्गात दाखवत होते तसं बोट दाखवलं आणि तो गप्प बसला.

शेवटी मी तुझंच वाक्य बोलले. विश्वास नका ठेवू. खोदा.

चार दिवसांनी मॅडम स्वतः मौक्यावर, आपल्या गल्लीत, आल्या. अख्खा टोला जमला होता, पण सारे आपापल्या दारात, भैय्याजीला दिसणार नाहीत असे. वखारीत नेमक्या त्याच जागेवर संत्र्याच्या क्रेटांची उतरंड रचून ठेवली होती. भैय्याजी म्हणतो, "माल हाय मॅडम, कसा हालवाचा?" मॅडम म्हणाल्या, "हिलाओ." त्याचीच माणसं हलवायला लागली. तू दिलेल्या खुणेवर टेप लावून कुदळ मारली. पहिल्यांदा नुसती माती. दुसऱ्यांदा माती. भैय्याजी मिशीत हसून म्हणाला, "मी म्हटलं नवतं का, बाईची नजर हालली." आणि तेवढ्यात कुदळ ठणकन वाजली.

दगड होता. त्याच्या पलीकडे दुसरा, मग सरळ ओळ. वर जुन्या भिंतीचा पिवळा चुना तसाच. टेप लावला तर बोटभर इकडेतिकडे. बोटभर चुकलीस तू, पण माफ.

मी भैय्याजीला म्हटलं, "हाव भैय्याजी. हालली नजर. कॅमेरा हालला, नजर हालली, म्हणूनच तं तुमची भिंत सापडली."

आदेश झाला. भाऊरावाच्या नावापुढचा अतिक्रमण शब्द काढला. पंचायतीनं ओटा स्वखर्चानं बांधून द्यायचा.

आणि आता हे ऐक, म्हणजे मला जसा ताप आला तसा तुलाही येऊ दे. भैय्याजीच्या भिंतीचं काय? त्याला नोटीस! एक महिन्याची मुदत, त्यावर अपील करायची सोय! आमच्या ओट्याला घंटाभर मुदत दिली नाही कोणी. आमच्याकडे जेसीबी आधी आणि कागद मागून, त्याच्याकडे कागद आधी आणि जेसीबी कधी येईल देव जाणे. मॅडमला विचारलं तर म्हणतात, "प्रक्रिया है." मी म्हटलं, "आमच्या टायमाले ही प्रक्रिया कुठं झोपली होती?" त्यांनी पुढची फाइल ओढली. बाई वाईट नाही, पण पुढचीच फाइल ओढली.

आत्या


पुणे
१ डिसेंबर २०२५

आत्या,

आदेश वाचून ऑफिसात रडले आणि त्या नोटिशीचं वाचून टेबलावर हात आपटला. दोन्ही एकाच पत्रात लिहितेस, मी काय करू?

भिंत पडेपर्यंत आपण सोडायचं नाही. त्याच्या अपिलात लागलं तर मी येऊन उभी राहते. हे काम ज्यांनी केलं त्यांना स्वतः सांगावं लागतं म्हणे.

बाबांचं ते चित्र माझ्या टेबलावर आहे. मधे सगळी गल्ली मोकळी आणि ते एकटे उभे. कोणी विचारलं तर सांगते, हे आमच्या घरचं माप आहे.

प्रज्ञा


पिंपळटोला
१४ डिसेंबर २०२५

प्रज्ञा,

ओटा झाला. पंचायतीचा ठेकेदार सिमेंटचा करायला निघाला होता. मी त्याला दारातच अडवलं. "जे दगड फेकले तेच आणा." नाल्याकाठी टाकलेले दगड त्यानं शोधून आणले, तोंड वाकडं करून. दोन फुटले होते, बाकीचे तेच आहेत. जागा तीच आहे, बोटभर इकडेतिकडे नाही, कारण उभी राहून मी स्वतः मोजून घेतली. आणि या वेळी उंचीचा टेप जुन्या जमिनीपासून धरला.

भैय्याजीची भिंत अजून उभी आहे. अपील केलं त्यानं. रोज सकाळी ओट्यावर चहा घेऊन बसते आणि तिच्याकडे बघते. तो फाटकातून निघाला की मान खाली घालून गाडीत बसतो. बसू दे. मला घाई नाही, माझ्याकडे आता ओटा आहे.

पहिल्या दिवशी कोणी बसलं नाही, लोक लांबूनच बघून जात होते. दुसऱ्या दिवशी प्रेमलता घागर ठेवून टेकली. काल भैय्याजीचा म्हातारा बाप काठी टेकत आला, बसला आणि म्हणाला, "चंद्रकला, पेपर नाई का आज?" मी आत जाऊन पेपर आणून दिला. त्याला खाली उभं ठेवायची माझी फार इच्छा होती, खोटं कशाला बोलू? पण दादानं तो ओटा त्यासाठी बांधला नव्हता.

तू विचारलं होतंस, येऊन बसू कुठे. आता ये. बसायला जागा आहे.

तुझी आत्या